खिशातला आवाज

गोल बाजारात मेथीची जुडी उलटसुलट करून पाहत असताना वासुदेवराव भोयरांना पाठीमागून स्वतःचाच आवाज ऐकू आला. ‘समजलं का? नाई समजलं? मग मुंडी काऊन हलवली बे?’ क्षणभर त्यांना वाटलं, आपणच बोललो. पन्नाशीत माणूस स्वतःशी बोलायला लागतो, असं त्यांची बायको कोकिळा हल्ली म्हणायचीच. पण ओठ तर मिटलेले होते. आवाज पुन्हा आला. तोच, तितकाच चिडलेला आणि तितकाच लाडाचा. त्यांनी वळून पाहिलं. कांद्याच्या ढिगापाशी एक मालवाहू रिक्षावाला उभा होता. त्यानं शर्टाच्या खिशातून जाडजूड चायना मोबाईल काढला, बटण दाबलं, आणि भोयर सरांचा आवाज मधेच तुटला. ‘हाव, बोल,’ तो म्हणाला आणि कांदे निवडत बोलत राहिला. त्याची नजर एकदा सरांवरून गेली, पण त्या नजरेत ओळखीचं काही नव्हतं. तो त्यांचा विद्यार्थी नव्हता, विद्यार्थ्याचा भाऊही नसावा. ज्या माणसाला आपण कोण हे ठाऊक नाही तो आपला आवाज खिशात घालून बाजारभर फिरतो आहे, हे त्यांना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी हातातली जुडी मुठीत आवळली. भाजीवाली म्हणाली, ‘घेता का नाई मास्तर? पानं तुटून राह्यली.’ त्यांनी मान डोलावली, मेथी पिशवीत टाकली आणि निघाले. घरी पोहोचेपर्यंत ते कोणाशीच बोलले नाहीत. ओळखीच्या ऑटोवाल्यानं ‘बसता का सर?’ विचारलं, तर नुसता हात हलवला. तोंड उघडलं की आणखी काहीतरी निसटून कोणाच्या तरी खिशात जाईल, असं वाटत होतं.

वर्ध्याच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात भोयर सर गणित शिकवत, आणि ते वाक्य वर्गातलं होतं. वर्गाबाहेर आपण कधी तसं बोलत नाही, असं त्यांना वाटे. आष्टीकडच्या एका खेड्यातून ते नागपूरला एम.एस्सी.ला गेले तेव्हा त्यांच्या तोंडी मले-तुले होतं. पहिल्याच मुलाखतीत अध्यक्षांनी त्यांना एक वाक्य पुन्हा म्हणायला लावलं होतं. मग पुन्हा एकदा. ऐकू आलं नाही म्हणून नव्हे, बाजूच्या दोघांना ऐकवायचं होतं म्हणून. ती नोकरी मिळाली नाही. त्यानंतर भाड्याच्या खोलीत आरशासमोर उभं राहून त्यांनी आपली जीभ घासूनपुसून घेतली. ‘मला, तुला, का, नाही.’ इथे लागले तेव्हा ते पुस्तकासारखं बोलायचे, आणि समोरची पोरं पुस्तकाकडे पाहावं तशी त्यांच्याकडे पाहायची. सेलू, देवळी, केळझरहून एसटीनं आलेली पोरं. फळ्यावरचं सगळं निमूट उतरवून घेणारी, कळो न कळो माना डोलावणारी. एका दुपारी असाच सगळा वर्ग डोलत असताना त्यांचा संयम सुटला आणि आरशासमोर गाडून टाकलेली जीभ आपोआप वर आली. ‘मुंडी काऊन हलवली बे?’ वर्ग खदखदून हसला. ते घाबरले. पण हसणं ओसरल्यावर मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘सर, मले पयल्या ओळीपासूनच नाई समजलं.’ त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा शिकवल्यासारखं वाटलं. तेव्हापासून वर्गाचं दार लोटलं की ते वऱ्हाडीत येत. ते ठरवून केलेलं नव्हतं. संध्याकाळी चप्पल काढून घरात शिरावं तसं ते होतं. आणि आता तीच गोष्ट, जी त्यांनी मुलाखतीच्या अध्यक्षांपासून इतकी वर्षं लपवली होती, कांद्याच्या ढिगापाशी वाजत होती.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा वर्ग बदललेला वाटला. पोरं तीच, बाक तेच. पण प्रत्येक खिसा फुगलेला दिसत होता. प्रत्येक दप्तराच्या तोंडाशी एक काळं भोक होतं आणि ते भोक ऐकत होतं. फळ्याकडे वळलं की पाठीला डोळे फुटत. मागे कोणीतरी खोकलं; तो खोकला होता की खूण? पहिल्या बाकावर त्यांची स्वतःची मुलगी आकांक्षा बसलेली होती, याच वर्षी बारावीला. तिचं डोकं वहीत होतं. त्यांनी शिकवायला सुरुवात केली. ‘विद्यार्थी मित्रहो, फलनाची सीमा म्हणजे काय, हे आपण पुन्हा एकदा समजून घेऊ.’ स्वतःचे शब्द त्यांना दुसऱ्या खोलीतून आल्यासारखे ऐकू आले. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग माना डोलू लागल्या. सरांना दिसत होतं की काही कळलेलं नाही. ते वाक्य जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि त्यांनी ते गिळलं. पुढच्या दिवशीही गिळलं. हळूहळू प्रश्न विचारायला उठणारी पोरं उठेनाशी झाली. तास शांत झाला. बाहेरून जाणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाला वाटलं असतं, काय शिस्त आहे!

शिक्षककक्षात संगणक शिकवणारा धनंजय म्हणून एक तरुण मास्तर होता. तो चहाचा कप पुढे करत म्हणाला, ‘सर, तुम्ही तर फेमस झाले राजेहो! त्या चौकातल्या रिचार्जच्या दुकानात तुमचा आवाज रिंगटोन म्हणून भरून देते तो दुकानवाला. पोरं गाणे सोडून तुम्हाला घेऊन राह्यले.’

‘कोणी दिला त्याला?’

‘आता ते कसं कळणार? एकाकडून दुसऱ्याकडे ब्ल्यूटूथनं जाते. मूळ कुठं आहे ते ब्रह्मदेवालेबी नाई सापडणार. पण सर, पोरं प्रेमानं...’

‘तुमच्याही मोबाईलमध्ये आहे?’

धनंजय नुसताच हसला. सरांना ते हसणं दिवसभर पुरलं. प्रेमानं! मुलाखतीचे अध्यक्षही हसले होतेच की. हसणाऱ्याच्या पोटात काय आहे हे त्याच्या दातांवरून कसं कळावं? पूर्वी पोरं पाठीमागे नकला करायची, ते त्यांना माहीत होतं. त्यांनीही आपल्या मास्तरांच्या केल्या होत्या. पण नकलेत नक्कल करणाऱ्याचाही थोडा आवाज असतो. तो चुकतो, वाढवतो, विसरतो. हे यंत्र काहीच विसरत नव्हतं. त्यानं वर्गातली ती दुपार, त्या दुपारचं गणित, समोरच्या पोराचा चेहरा हे सगळं फेकून दिलं होतं आणि फक्त साल ठेवली होती. चौकात, पानठेल्यावर, एसटीत, कुठेही ती वाजत होती. लोक हसत होते ते सरांना की वाक्याला? दोन्हींत आता काही फरक उरला होता का?

अशा मनःस्थितीत असताना एके दिवशी भर तासाला मागच्या बाकावरून तो आवाज वाजला. ‘समजलं का? नाई समजलं?’ वर्ग आधी दचकला, मग फुटला. केळझरचा हेमराज बाकाखाली धडपडत मोबाईल बंद करायला पाहत होता आणि बटण त्याला सापडत नव्हतं. शेवटची ओळ पूर्ण वाजली. सर खडू हातात घेऊन त्याच्यापर्यंत चालत गेले. हेमराज उंच, सावळा, कमी बोलणारा पोरगा, गणितात बरा. पूर्वी सर्वांत जास्त शंका तोच विचारायचा. पण त्या क्षणी सरांना त्याचं काही आठवलं नाही. त्यांना अपराधी सापडला होता आणि अंगातून एक सुटकेची लहर गेली होती.

‘उभा राहा. हे तू केलंस?’

हेमराजनं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

‘तुला स्वतःचा आवाज नाही, म्हणून दुसऱ्याचा चोरतोस?’ सर शुद्ध, थंड मराठीत म्हणाले. ‘एसटीचा पास काढून इथे यायचं ते यासाठी? चालता हो.’

हेमराजनं एकदा पहिल्या बाकाकडे पाहिलं, मोबाईल सरांच्या हातात ठेवला आणि दप्तर उचलून गेला. प्राचार्यांनी पालकांना बोलावणं धाडलं. कोणी आलं नाही. हेमराजही पुन्हा आला नाही. मोबाईल सरांच्या घरी टेबलाच्या खणात पडून राहिला. आता सगळं पूर्वीसारखं होईल असं त्यांना वाटलं होतं, पण पूर्वीसारखं काहीच होईना. अपराधी गेला आणि संशय मात्र वर्गातच बसून राहिला, हजेरी घेताना ‘हजर’ म्हणत.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी दुपारी कोकिळा शेजारी हळदीकुंकवाला गेली होती, आकांक्षा अंगणात केस वाळवत बसली होती. सरांनी खण उघडून मोबाईल चार्जरला लावला. का लावला, ते त्यांना सांगता आलं नसतं. पोरानं वर्गात नेमकं कधी रेकॉर्ड केलं, कोणत्या तासाला, ते शोधायचं होतं; पुरावा हवा होता. पोरगा येईनासा झाल्यावर पुरावा कशाला हवा, हे मात्र त्यांनी स्वतःला विचारलं नाही. बटणं चाचपत त्यांनी तो आवाज शोधून काढला. फोन येतो तेव्हा माणूस घाईनं उचलतो, नाहीतर पुढचं गलक्यात बुडून जातं; त्यामुळे शेवट कोणी ऐकत नाही. त्यांनी पहिल्यांदाच तो शेवटपर्यंत ऐकला. ‘...मुंडी काऊन हलवली बे?’ आणि त्यानंतर करकर. बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, कड्यांची करकर. आणि मग एका बाईचं मोकळं हसणं, ‘अवं माय, पोरीसंगं कसे बोलता!’ आणि खट्, संपलं.

वर्गात बंगई नव्हती. बंगई ज्या खोलीत ते आत्ता बसले होते तिथे होती, समोरच, रिकामी. त्यांनी पुन्हा लावलं. करकर, हसणं. पुन्हा. कोकिळाचं हसणं त्यांनी इतक्या वर्षांत असं कधी ऐकलंच नव्हतं, की समोर असताना ऐकायची गरज पडली नव्हती? या हसण्यात माया होती की टिंगल? समोरासमोर असते तर चेहरा पाहिला असता. इथे चेहरा नव्हता; डबीत कोंडलेलं नुसतं हसणं, आणि ते प्रत्येक वेळी थोडं वेगळं वाटत होतं. त्यांना एकेक आठवू लागलं. आपण आत आलो की मायलेकींचं बोलणं थांबायचं, ते का? बाजारातून मेथी आणली त्या दिवशी आकांक्षानं ‘बाबा, बरं नाही का?’ विचारलं आणि नजर चोरली, ती का? हेमराजनं जाताना पहिल्या बाकाकडे पाहिलं ते कोणाकडे? आता शोधायला बाहेर कुठे जायचंच नव्हतं. घराच्या भिंतीच ऐकत होत्या आणि घराच्या भिंतीच हसत होत्या. ते उठले. मोबाईल घेऊन ते अंगणात गेले आणि काही न बोलता त्यांनी तो आकांक्षासमोर वाजवला. दारात पदर अडकलेल्या बाईसारखी ती जागच्या जागी खिळली.

‘हे इथलं आहे,’ ते म्हणाले.

‘हो.’

‘तू घेतलं.’

‘आमच्या वर्गातल्या रुचिकासाठी घेतलं होतं बाबा. तिले कावीळ झाली होती, महिनाभर ती कॉलेजले आली नाही. तुम्ही मले बंगईवर बसून सीमा समजावून सांगत होते ना, ते सगळं घेतलं. लांबलचक होतं. तिले त्यातूनच समजलं, सहामाहीचा पेपर चांगला गेला तिचा. तिच्या भावानं त्यातला तेवढाच तुकडा काढला. आम्हाला माहीतही नव्हतं. माहीत झालं तोवर...’ तिनं ओले केस मुठीत घट्ट धरले होते.

‘आणि हेमराज?’

ती ओल्या केसांचं टोक पिळत राहिली.

‘त्याला मी वर्गातून हाकललं, तेव्हा तू समोर बसली होतीस. काऊन नाही सांगितलं?’ त्यांच्या तोंडून दोन्ही भाषा एकदम निघाल्या.

‘तुम्ही विचारलंच नाही कोणाले,’ आकांक्षा रडत म्हणाली. ‘तुम्ही नुसते पाहत होते. सगळ्यांकडे. माह्याकडेबी. मले तुमची भीती वाटली बाबा. पयल्यांदा वाटली.’

त्यांना रागवायचं होतं, पण राग कोणावर धरावा ते सापडेना. पोरीचं डोकं त्यांच्या छातीपर्यंत येत होतं. त्यांनी त्यावर हात ठेवला, आणि हात ठेवतानाही त्यांना वाटलं की शेजारच्या गच्चीवरून कोणी पाहत तर नाही!

सोमवारी त्यांनी प्राचार्यांना गाठून सांगितलं की चूक माझी होती, पोराला परत घ्या. प्राचार्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, घेऊ, पण आधी तो आला पाहिजे. तेव्हा सर तास आटोपून नागपूरच्या एसटीत बसले आणि केळझरला उतरले. टेकडीवरच्या गणपतीला जाणारी माणसं नारळ घेऊन चढत होती. त्यांनी एका दुकानात हेमराजचं घर विचारलं आणि टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीत गेले. अंगणात एक बाई सुपात तूर पाखडत होती. ‘हेमराज इथंच राहतो का?’ त्यांनी विचारलं. बाईचा हात थांबला. तिनं मान वर न करताच म्हटलं, ‘आवाज वळखीचा वाटते.’ मग वर पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. ‘अगा बापा! तुम्ही भोयर सर! मोबाईलमधले!’

ती हेमराजची आई, तानाबाई. नवरा गेल्यापासून दिराच्या साथीनं वावर करणारी. तिनं सतरंजी टाकली, पाणी आणलं. ‘घरात फोन आला की तुम्हीच बोलत होते. मी म्हणो, उचल बाप्पा लवकर, सर रागावून राह्यले.’ ती हसली. सरांनी त्या हसण्याच्या आतबाहेर चाचपून पाहिलं. सवयच लागली होती. त्यात काही सापडलं नाही. ‘मोबाईल हरवला म्हणे त्याचा. अन् कॉलेजले सुट्ट्या हायेत म्हणे. मोठ्या सुट्ट्या देता बाप्पा तुम्ही.’

पाण्याचा पेला सरांच्या हातात तसाच राहिला. पोरानं घरी काही सांगितलंच नव्हतं, प्राचार्यांचं बोलावणंही दाबून ठेवलं होतं. आता सांगायचं काम त्यांच्यावर आलं होतं. त्यांनी खिशातून मोबाईल काढून सतरंजीवर ठेवला आणि सांगितलं. वर्गात काय झालं ते, आणि हेमराजला आपण काय म्हणालो तेही, शब्दाला शब्द. ‘तुला स्वतःचा आवाज नाही’ हे वाक्य त्या अंगणात, तुरीच्या फोलपटांत, फार विद्रूप ऐकू आलं. तानाबाईचं हसू उतरलं. ती पुन्हा पाखडू लागली, जरा जोरात. मग म्हणाली, ‘माह्या पोराले असं बोलले तुम्ही?’ इतकंच. त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं झालं असतं.

हेमराज वावरातून आला, डोक्यावर हरभऱ्याच्या डहाळ्यांचा भारा. सरांना पाहून त्यानं भारा खाली टाकला आणि उभाच राहिला.

‘ते रेकॉर्डिंग तुझं नव्हतं,’ सर म्हणाले. ‘माझ्या घरचं होतं. माझ्या मुलीनं केलं.’

‘मले माहीत होतं. रुचिकाच्या भावानं सांगितलं होतं.’

‘मग तेव्हाच काऊन नाही बोलला?’

हेमराजनं आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. ‘तुमच्या पोरीचं नाव घेतलं असतं तर तुम्ही मानलं असतं का सर?’

सरांनी खरं उत्तर शोधलं. ‘नाही,’ ते म्हणाले.

‘मंग? अन् तुम्ही म्हणाले मले आवाज नाई. म्हटलं, ठीक हाये, नाई.’

टेकडीवर घंटा वाजत होती. सर म्हणाले की सर्व बोललो आहे प्राचार्यांशी, परीक्षेला बसता येईल, मागचं सगळं मी शिकवीन. हेमराज ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘येतो. पण तुम्ही जे बोलले ते सगळ्यायसमोर बोलले. हे इथं अंगणात बोलून कसं होईन?’

दोन दिवसांनी तो वर्गात आला आणि मागच्या बाकावर, आपल्या जागी बसला. सर हजेरी न घेताच उभे राहिले. आदल्या संध्याकाळी आकांक्षा म्हणाली होती, ‘मी उठून सांगू का बाबा?’ आणि ते म्हणाले होते, ‘नको, हाकलणारा मी होतो.’ आता ती पहिल्या बाकावर ताठ बसली होती, हात मांडीवर आवळून. ‘आज मला एक सांगायचं आहे,’ त्यांनी सुरुवात केली. ते पुस्तकी शब्द त्यांच्याच कानांना खोटे वाटले. त्यांनी एक श्वास घेतला. ‘पाहा रे पोरंहो. मी हेमराजले वर्गातून हाकललं, ते चुकलं माझं. त्याचा काही संबंध नव्हता. ते रेकॉर्डिंग माह्या घरात झालं, माह्या पोरीनं केलं, अन् तिनंबी वाईट मनानं नाई केलं. मी न विचारता त्याच्यावर आळ घेतला. अन् जे बोललो ते कोणत्याच मास्तरानं बोलू नये. त्याले आवाज हाये. तुमच्यात सगळ्यात जास्त प्रश्न त्यानं विचारले आजवर.’

हेमराज खिडकीबाहेर पाहत होता; कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या. आणि तेवढ्यात सरांना दिसलं, तिसऱ्या ओळीत कोणाचा तरी हात बाकाखाली सरकला आणि तिथेच थांबला. कोणाचा, ते नीट कळलं नाही. तो संशय जुन्या ओळखीच्या माणसासारखा पुन्हा छातीत येऊन बसला. हे घेताहेत. हेही घेताहेत. चार वाजेपर्यंत चौकात पोहोचेल, उद्या कांद्याच्या ढिगापाशी वाजेल: मास्तर कशी माफी मागून राह्यला, ऐका. त्यांना वाटलं थांबावं, झडती घ्यावी, सगळे खिसे उलटे करायला लावावेत. त्यांची नजर त्या हातावरून हेमराजकडे गेली. मग ते टेबलाच्या मागून पुढे आले, अगदी तिसऱ्या ओळीपाशी जाऊन उभे राहिले आणि घसा साफ करून, एकेक शब्द सुटा करत, नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाले, ‘मागं ऐकू गेलं नसन, पुन्हा सांगतो. केळझरच्या हेमराजनं काही केलं नव्हतं. चूक भोयर मास्तरची होती.’